अकरावीचं वर्ष

(शनिशिंगणापूर इथे नेवासा तालुक्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)

शिंगणापूरला सभा आहे म्हटलं की बाहेरून येणाऱ्या बायका दोन गोष्टी हमखास विचारतात. इथल्या घरांना खरंच दारं नसतात का? आणि बायकांना चौथऱ्यावर जाऊ देतात का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गावात चक्कर मारली की मिळतं. चौकटी आहेत, पडदे आहेत, कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून कुठे कुठे टेकवलेली फळी आहे. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मात्र फार वर्षं लागली. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आंदोलन उभं केलं. २०१६ च्या जानेवारीत भूमाता ब्रिगेडच्या बायका निघाल्या, त्यांना वाटेतच अडवलं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. शेवटी ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला. आणि गंमत बघा, मंदिरप्रवेशाचा कायदा १९५६ पासून होताच. कायदा झाल्यावर साठ वर्षांनी बाई चौथऱ्यावर चढली.

मी तेव्हा एम.एस.डब्ल्यू. होऊन नुकतीच कामाला लागले होते. आम्ही पेढे वाटले होते. त्या लढ्याचं मोल मी आजही कमी मानत नाही. पण त्यानंतर मी या भागातल्या अकरावी-बारावीच्या मुलींबरोबर काम करायला लागले, आणि तिथेही मला तेच दिसलं. नियम आहे, सवलत आहे, जागा आहे, आणि तरी आपली मुलगी आत पोचत नाही. तिला कुणी हाताला धरून अडवत नाही, त्यामुळे आपल्याला मोर्चाही काढता येत नाही.

एका मुलीचं सांगते. नाव सांगत नाही. बारावी सायन्सला चांगले मार्क पडले. तिला शेतीची पदवी घ्यायची होती. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर आपल्या शेजारच्या तालुक्यात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती मार्कलिस्टची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, आता फॉर्म कुठे भरायचा?" मी विचारलं, "सीईटी दिलीस का?" तिला सीईटी हा शब्द माहीत होता. पण कृषीलाही ती लागते, आणि तिचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच भरून संपतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घरचे म्हणाले, वर्षभर घरात बसून काय करणार? तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ हिचंही झालं.

तिला अठरा पूर्ण झाली होती. कायद्याने काहीच चुकीचं घडलं नाही. हा मुद्दा मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आपण बालविवाहाविरुद्ध बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण जी मुलगी त्यातून वाचते, तिला अठरावं संपतं आणि बारावीचा निकाल लागतो, तो साधारण एकाच वेळी. कायद्याचं छत्र तिथे सरतं. निकाल ते प्रवेश हे दोन-तीन महिने ज्या मुलीचं काही ठरलेलं नसतं, तिचं घर ठरवून टाकतं. म्हणून निकालानंतर धावपळ करण्यात अर्थ नाही. काम अकरावीत सुरू करायला हवं.

अकरावी हे आपल्याकडे आरामाचं वर्ष मानतात. दहावी झाली, बारावी यायची आहे. मुलगीही तसंच समजते. प्रत्यक्षात इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषीसाठीच्या सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमावर सुमारे २० टक्के प्रश्न असतात. अकरावीत "मला जमत नाही" म्हणून गणित सोडलं की इंजिनिअरिंगची वाट तिथेच बंद होते. ते अवघड जाणाऱ्या मुलाला क्लास लावतात आणि मुलीला विषय बदलून देतात, हे आपण सगळ्याजणी पाहतो. बी.बी.ए., बी.सी.ए.लाही २०२४ पासून सीईटी आली. पहिल्या वर्षी कितीतरी मुलींना ते प्रवेशाच्या वेळी कळलं. कला शाखेच्या मुलीला तर "तुझं काय, बी.ए. करायचं" एवढंच सांगतात. बारावीनंतर पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यासक्रम आहे, त्याची वेगळी सीईटी आहे, डी.एल.एड. आहे, हे तिच्यापर्यंत येत नाही. नव्या धोरणामुळे पदवी चार वर्षांची झाली असं ऐकून आईबाप बिचकतात. त्यांना समजावून सांगा, तीन वर्षं पुरी केली तरी पदवी मिळते, चौथं वर्ष ऑनर्सचं आहे.

आता कागदांविषयी. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव एक असलं पाहिजे. बँकेचं खातं मुलीच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे येत नाहीत. यातला एकेक कागद किरकोळ वाटतो. पण वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, आणि ते नसलं तर राखीव जागाही गेली आणि सवलतही गेली.

इथे मला आपल्या परित्यक्ता बहिणींबद्दल बोलायचं आहे. आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरला, १९८८ मध्ये परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली होती. तेव्हा प्रश्न पोटगीचा, घराचा, रेशनकार्डाचा होता. आज त्या बायकांच्या मुली-नातींपुढे प्रश्न आहे जातीच्या दाखल्याचा. दाखल्याला पुरावा लागतो तो बापाच्या बाजूचा. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासांसाठी १९६७ पूर्वीचा. आईने मुलीला एकटीने वाढवलं, दुसऱ्याच्या शेतात खुरपून शिकवलं, आणि कागद मात्र त्या माणसाच्या घरचा हवा ज्याने दोघींना बाहेर काढलं. १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता बापाच्या नावाआधी आईचं नाव लावतात. चांगलं झालं. पण आज अकरावीत असलेल्या मुली त्याच्या आधीच्या आहेत, आणि नुसतं नाव लागल्याने आईच्या घरचा पुरावा चालायला लागत नाही.

अशी एक मुलगी माझ्याकडे अकरावीच्या दिवाळीत आली. बापाकडे कागद मागायला आई गेली, तर त्याने सांगितलं, केस मागे घे, मग बघू. पोरीच्या दाखल्यावर आईची पोटगी तोलायला काढली. आईही बिचारी तयार झाली होती, म्हणाली, "जाऊ द्या ताई, पोरीचं होऊ द्या." आम्ही तिला थांबवलं. मुलीचे आजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले होते, तिथल्या रजिस्टरमधला उतारा काढायला तीन खेपा झाल्या. मग त्या घरातल्या थोरल्या जाऊबाईंनी, कुणाला न सांगता, आपल्या मुलाच्या वैधता प्रमाणपत्राची प्रत पाठवून दिली. वडिलांकडच्या सख्ख्या नात्यातल्या कुणाची वैधता झालेली असली की काम पुष्कळ सोपं होतं. बारावीच्या डिसेंबरात मुलीचं प्रमाणपत्र हातात आलं. ती आता नर्सिंगला आहे आणि आईची केस चालू आहे. हेच ती निकालानंतर आली असती तर आईला केस मागे घ्यावी लागली असती, कारण आमच्याकडेही वेळ उरला नसता.

पैशाचं बोलू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घरांतल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अनुसूचित जाती-जमातींना वेगळ्या योजना आहेत. पण यात खोलीभाडं नाही, जेवण नाही, पुस्तकं नाहीत. गावाकडच्या मुलीला बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा एस.टी.चा मोफत पास असतो. बारावी झाली की तो बंद होतो. मुलगी फीमुळे घरी बसते असं आपण म्हणतो, पण मी जेवढी घरं पाहिली तिथे अडलं ते राहण्यापाशी आणि येण्याजाण्यापाशी. म्हणून समाजकल्याणचं वसतिगृह, स्वाधार योजना, इतर मागास आणि भटक्या मुलींसाठीची सावित्रीबाई फुले आधार योजना, यांची माहिती आधी काढायची. जागा मोजक्या असतात आणि तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

आता जरा आपल्याकडेही बघू. मी काही बचत गटांच्या वह्या पाहिल्या आहेत. कर्जाच्या रकान्यात काय असतं? म्हैस, दवाखाना, घराचा पत्रा आणि मुलीचं लग्न. मुलीच्या लग्नाला कर्ज देताना आपण कुणी प्रश्न विचारत नाही. वसतिगृहाची अनामत भरायला कर्ज मागितलं तर आपल्यातलीच एखादी म्हणते, "फेडायचं कसं? ती तर परक्या घरी जायची." मैत्रिणींनो, शिबिरात आपण पितृसत्तेवर गाणी म्हणतो. गटाच्या वहीतही ती बसलेली आहे, आणि तिथे सही आपली असते.

घरच्यांशी बोलताना एक सांभाळा. आईला अडाणी ठरवू नका. शनि अमावस्येला इथे किती गर्दी होते तुम्ही जाणता. त्या दिवशी आणि शनिवारीही तेल, रुईच्या माळा, नारळ विकणाऱ्या घरांतल्या मुली दुकानावर असतात, प्रॅक्टिकल बुडतं. आई मुद्दाम नुकसान करत नाही, त्या एका दिवसावर घराचा आठवडा चालतो. तिची भीतीही खरी आहे. शहरात पोरगी कुठे राहील, रात्री एस.टी. चुकली तर काय, हे प्रश्न वेडगळ नाहीत. आम्ही गेल्या वर्षी अकरावीच्या मुलींच्या आयांना नगरला नेऊन एक वसतिगृह दाखवलं. खोल्या, संडास, फाटक किती वाजता लागतं ते दाखवलं. बाईंशी बोलणं करून दिलं. परत येताना एक आई म्हणाली, "मला वाटलं होतं लॉजसारखं असतं." एवढ्या एका फेरीने जे काम झालं, ते माझ्या वर्षभराच्या बोलण्याने झालं नव्हतं.

हे नगर आपलं, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, त्याची या बाबतीत ओळख जुनी आहे. जोतिरावांनी मिस फरार यांची मुलींची शाळा इथे पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली. आपल्याला शाळा काढायची नाही. आहे त्या कॉलेजपर्यंत मुलगी न्यायची आहे.

म्हणून आज उठताना प्रत्येक गटाने एक काम घेऊन उठावं. आपल्या गावात या वर्षी अकरावीला किती मुली आहेत त्यांची यादी करा. फार नसतील, आठ-दहा असतील. प्रत्येकीची एक फाईल करा. पहिल्या पानावर तिला काय व्हायचंय ते तिच्याच अक्षरात लिहून घ्या. मग कोणती परीक्षा, फॉर्मची तारीख, कोणता कागद आहे, कोणता नाही. ज्या घरात बाप नाही किंवा कागद देत नाही, ती फाईल सगळ्यात आधी हातात घ्या. दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन एक कॉलेज, एक वसतिगृह बघून या. आणि बारावीचा निकाल लागेल त्या दिवशी गटातली एकजण त्या घरी हजर पाहिजे. पाहुणे यायच्या आधी.

त्या पहिल्या मुलीचा मध्यंतरी फोन आला होता. तिला आता एक बाळ आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे फॉर्म कधी निघतात ते तिने विचारलं. मी तारीख काढून देते म्हटलं, तर म्हणाली, "ताई, या वेळी मी आधी विचारलंय." तिचा फॉर्म मी भरून घेणार आहे. पण तिने मला हा प्रश्न अकरावीत असताना विचारायला हवा होता, आणि तेव्हा मी किंवा तुमच्यापैकी कुणीतरी तिच्या दारात असायला हवं होतं.