एकट्याची वाट आणि वाटेवरची सोबत



सुरतेहून तापी ओलांडून हजिऱ्याकडे जाऊ लागले की वाटेत इच्छापोर हे गाव लागते. पारशी समाजातील ‘इच्छापोरिया’ हे आडनाव या गावाच्या नावावरून आलेले. आता गावाजवळ हिरे आणि दागिन्यांचे औद्योगिक संकुल उभे आहे आणि पुढे कवास, मोरा करीत हजिऱ्यापर्यंत कारखान्यांच्या धुराड्यांची रांग लागते. अवजड मालमोटारींच्या या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकलस्वारही दिसतात. त्यांतील बहुतेक घोळक्याने जातात आणि उन्हे चढण्यापूर्वी परततात. क्वचित एखादा एकटाच असतो. त्याच्या सायकलीच्या कॅरिअरला वळकटी, लहानशी राहुटी, पाण्याच्या बाटल्या आणि पंक्चर काढण्याचे सामान बांधलेले असते. सुवालीच्या किनाऱ्यावर किंवा त्याही पलीकडे कोठेतरी तो रात्र काढणार, हे उघड दिसते. असा मनुष्य पाहिला की पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा : याला सोबत मिळाली नाही, की ती नकोच आहे? आजच्या व्याख्यानाचा विषय या प्रश्नाभोवती फिरणारा आहे.

मराठी मनाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. आपली प्रवासाची कल्पना दिंडीच्या तालमीत तयार झालेली. पंढरीच्या वाटेवर रथापुढील आणि रथामागील दिंड्यांना क्रमांक असतात, प्रत्येकाची जागा ठरलेली असते; तेथे हरवायचे म्हटले तरी हरवता येत नाही. विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले तेही चुलते रामभट यांना बरोबर घेऊन. काका कालेलकर १९१२ साली हिमालयात निघाले ते विरक्तीच्या ओढीने, परंतु स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर त्यांच्या संगे होते. साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने त्या यात्रेचे वर्णन गुजरातीत लिहिले आणि ते त्या भाषेचे भूषण ठरले. संन्यासाच्या वाटेवरही सोबती लागतात, ही गोष्ट यात थोडी गमतीची आहे खरी. पण ज्यांनी डोंगरातील थंडी अनुभवली आहे ते तिला हसणार नाहीत.

इच्छापोरच्या परिसराशी मात्र ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो प्रवासी एकटा होता, आणि तो फार दुरून आला होता. टॉमस कोरिएट हे त्याचे नाव. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील ऑडकूम हे त्याचे गाव. १६०८ साली तो युरोपात व्हेनिसपर्यंत जाऊन आला, त्यातील बरीच वाट त्याने पायी तुडवली होती, आणि परत आल्यावर त्याने ते झिजलेले जोडे गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. १६११ साली त्याचे जाडजूड प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी तो पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम पाहून आलेप्पोहून तो इराणमार्गे पायी हिंदुस्थानात शिरला आणि १६१५ साली अजमेरला जहांगीर बादशहाच्या छावणीत पोचला. या दहा महिन्यांच्या वाटचालीत अवघे तीन पौंड खर्च झाले, असे त्याने अभिमानाने लिहून ठेवले आहे, आणि त्यातही काही शिलिंग लबाडांनी उपटले अशी तक्रार जोडली आहे.

एकटा असूनही तो मुका कधीच नव्हता. फारसी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानी या भाषा त्याने वाटेत उचलल्या. बादशहाच्या झरोक्याखाली उभे राहून त्याने फारसीत भाषण केले आणि वरून शंभर रुपयांची बिदागी मिळवली. त्यावर इंग्रजांचा वकील सर टॉमस रो रागावला, की याने देशाची अब्रू घालवली. वकिलाचा पाद्री एडवर्ड टेरी हा कोरिएटचा राहुटीतला सोबती होता. त्याने एक मजेदार प्रसंग नोंदवला आहे. वकिलाच्या वाड्यात एक परटीण होती; तिचे तोंड सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. कोरिएटने एके दिवशी तिच्याच भाषेत तिला असे धारेवर धरले की सकाळी आठाच्या सुमारास ती निरुत्तर झाली! परक्या मुलखात भांडता येण्याइतकी भाषा येणे म्हणजे तेथे बऱ्यापैकी रुळणे होय. भाषेच्या अभ्यासकांनी या परीक्षेचा विचार करण्यास हरकत नाही.

परंतु याच टेरीने एक दुसरा प्रसंगही लिहिला आहे, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. १६१७ साली बादशहाचा मुक्काम मांडूला होता. तेथे एकदा खांबाला टेकून उभा असताना कोरिएट बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर त्याने मनातली गोष्ट सांगितली. सुरतेकडे जाताना आपण वाटेतच मरू, कोठेतरी अज्ञात जागी पुरले जाऊ आणि आपले काय झाले हे आपल्या कोणाही मित्राला कधी कळणार नाही, या विचाराने त्याला घेरले होते. वकिलाने त्याला आणखी काही दिवस राहण्याचा आग्रह केला. त्याने आभार मानले, नकार दिला आणि नेहमीप्रमाणे एकटाच वाटेला लागला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. मनुष्याला एकाकी मरणाची धास्ती वाटते आणि त्याच तोंडाने तो देऊ केलेली सोबत नाकारतो, याला विसंगती म्हणणे सोपे आहे. मराठीत ‘एकांत’ आणि ‘एकटेपणा’ असे दोन शब्द आहेत. एकांत आपण शोधतो, एकटेपणा आपल्याला शोधत येतो. कोरिएटला पहिला हवा होता आणि दुसऱ्याची भीती वाटत होती. दोन्ही एकाच वाटेवर भेटतात हीच त्याची अडचण. शिवाय त्याची सोबत दूर लंडनला होती. ब्रेड स्ट्रीटवरील ‘मर्मेड’ या खानावळीत दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक मित्रमंडळ जमत असे. अजमेरहून त्याने त्या मंडळाला पत्र धाडले, आणि १६१६ साली त्याची हिंदुस्थानातील पत्रे तेथे छापूनही निघाली. महिन्यातून एकदा जमणारी, बोलणारी, वाचणारी माणसे कोठेतरी आहेत, एवढ्या आधारावर तो हजारो मैल चालला. ग्रंथालयाच्या सभासदांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

तो सुरतेला सुखरूप पोचला. तेथील इंग्रज व्यापाऱ्यांनी देशबांधव आला म्हणून त्याचे फार प्रेमाने स्वागत केले. त्याला अतिसार झालेला होता. इंग्लंडहून सॅक नावाची मद्ये आली आहेत असे ऐकून त्याने ती मागून घेतली, यजमानांनी आग्रहाने पाजली, आणि दुखणे बळावून डिसेंबर १६१७मध्ये त्याचा अंत झाला. ज्या एकाकी वाटेची त्याला धास्ती होती ती त्याने पार केली; पुढचे घडले ते आपल्या माणसांत. सुवालीजवळ राजगरी येथे घुमटाची एक वास्तू त्याची कबर म्हणून परंपरेने दाखवली जाते. समुद्रावरून ती ओळखू येई, म्हणून नाविकांच्या नकाशांवरही तिला त्याचेच नाव मिळाले.

आता सायकलीकडे वळू. पायी चालणाऱ्यापेक्षा सायकलस्वाराचा एकांत अधिक कठोर असतो, आणि याला साधे शास्त्रीय कारण आहे. सायकल वेगाने जाऊ लागली की स्वाराची बहुतेक शक्ती हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. दुसरा स्वार पुढे असेल तर त्याच्या आडोशाने मागच्याचे कष्ट बरेच हलके होतात; म्हणून शर्यतीतले स्वार आळीपाळीने पुढे होतात. सोबती म्हणजे आपल्या वाटणीचा वारा खाणारा माणूस, अशी व्याख्या सायकलस्वाराने केली तर ती काव्य ठरणार नाही. हजिऱ्याच्या रस्त्यावर दुपारी समुद्राकडून वारा सुटतो तेव्हा एकट्याला तो सगळा स्वतःच्या छातीवर घ्यावा लागतो.

आणि तरीही संध्याकाळ झाली की याच एकट्याला सर्वांत अधिक माणसे लागतात. घोळका आपल्यातच रमतो. त्याचा स्वयंपाक, त्याच्या गप्पा, त्याचे रुसवेफुगवे त्याला पुरतात. एकट्याला राहुटी ठोकण्यापूर्वी गावात शिरून विचारावे लागते. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरतीचा जोर मोठा; पाणी कोठवर चढते हे मासेमाऱ्यालाच ठाऊक. विहीर कोणती गोडी, कोणत्या देवळाच्या ओसरीवर झोपू देतात, कुत्री कोठली वाईट, हे सारे परक्या तोंडून ऐकायचे. विचारण्यात थोडा कमीपणा असतो आणि तो गिळावा लागतो. ‘एकटा जीव सदाशिव’ ही म्हण घरात बसून सुचली असावी. रस्त्यावरचा एकटा जीव दहा दारांचा मिंधा असतो.

या बाबतीत मुंबईच्या पारशी तरुणांची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. १८ मार्च १९२८ रोजी परतले ते तिघे : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. एकाने तेहरानहून घरची वाट धरली आणि दोघांची वाटचाल अमेरिकेत संपली. निघताना सहा असणे आणि पोचताना तीन असणे, यात किती बोलाचाली, किती अबोले झाले असतील याची कल्पना एकत्र प्रवास केलेल्या कोणालाही येईल. नुसती संख्या म्हणजे सोबत नव्हे.

१९२४ साली फ्रामरोज दावर हा क्रीडा-पत्रकार निघाला तो एकटाच. अकरा महिने, सुमारे ५,००० किलोमीटर, असा तो व्हिएन्नापर्यंत गेला. तेथे त्याला गुस्ताव स्तावयानिक हा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला. जात निराळी, धर्म निराळा, मायबोली निराळी. पुढची सारी वर्षे हे दोघे बरोबर राहिले. सहारा, ॲमेझॉनचे खोरे, अँडीज पर्वत पालथे घालून, सात वर्षांत ५२ देश आणि १,१०,००० किलोमीटर पुरे करून १९३१ साली तो प्रवास संपला. अकरा महिने एकट्याने सायकल मारल्यानंतर निवडलेला हा सोबती होता. आपल्याला किती बोलणे लागते, किती मौन सोसते, कोणत्या वेळी राग येतो, याचा हिशेब दावरच्या पदरी तोवर जमला असणार. मुंबईच्या धक्क्यावर मित्रांच्या आग्रहाखातर घेतलेला सोबती सहारापर्यंत टिकला असता काय, अशी शंका वरच्या सहा जणांच्या उदाहरणावरून घ्यावीशी वाटते. पुढे दावरने सहारावर आणि ॲमेझॉनवर पुस्तके लिहिली.

शेवटी एक दृश्य, इच्छापोरहून उत्तरेचे. नर्मदेची परिक्रमा करणारे, त्यांत आपले मराठी लोक पुष्कळ, दक्षिण तीराने समुद्रापर्यंत येतात. काहींनी महिनोन् महिने एकट्याने काढलेले असतात. पैसा जवळ न बाळगता, मिळेल ते अन्न घेत, कोणाशी फारसे न बोलता. हांसोट तालुक्यात कठपोर-विमलेश्वरच्या बाजूला जमीन संपते. नदी ओलांडायचीच नाही असा दंडक, म्हणून समुद्रातून मुखाच्या पलीकडे मिठी तलाईला नावेने जायचे. परंतु नाव एकट्यासाठी सुटत नाही. भरती यावी लागते आणि माणसे पुरेशी जमावी लागतात. तोवर सारे एकांतवासी धर्मशाळेत शेजारी शेजारी पथारी पसरून वाट पाहतात. कोणाच्या पायाला फोड आलेले असतात, कोणाजवळ मलम असते. मग रात्री-अपरात्री केव्हातरी पाणी चढते, नावाडी हाक देतो, आणि सगळे आपापली झोळी उराशी धरून एकमेकांना खेटून नावेत बसतात.