पायाचें माप आणि जोड्याचा आंकडा

पायांतला जोडा हा कांहीं नभोवाणीवरून बोलण्याजोगा विषय नव्हे, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. दोन वर्षांपूर्वीं मलाहि तसेंच वाटलें असतें. चौतीस वर्षें मीं मुलांना अंकगणित शिकविलें. लांबी, रुंदी आणि परिमाणें फळ्यावर लिहिण्यांत आयुष्य गेलें. परंतु स्वतःच्या पायाचें माप मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, तेंहि परदेशांत, बुटांच्या एका विक्रेत्यानें शिकविलें. ती हकीगत आज सांगावयाची आहे.

माझा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोस असतो. गेल्या वर्षीं मी त्याच्याकडे तीन महिने राहिलों. शहराच्या पूर्व भागांत एदोगावा विभागांतील निशि-कासाई येथें भारतीय कुटुंबांची बरीच वस्ती आहे. जवळून आराकावा नदी वाहते आणि तिच्या कांठच्या बांधावर लोक पहांटेपासून धांवत असतात. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज चालतों व मध्येंमध्यें बेताबेतानें धांवतोंहि. जुने बूट झिजले होते, म्हणून ते घरींच टाकून गेलों.

मुलानें मला आधींच विचारून ठेविलें होतें, “बाबा, तुमचा नंबर कोणता?” मीं सांगितलें, “सात.” तो कचेरीच्या कामासाठीं अमेरिकेस गेला असतां तेथून त्यानें सात नंबरचे उंची बूट माझ्यासाठीं आणले होते. ते पायांत घातले तों आंगठा पुढें टेंकला आणि करंगळी दाबली गेली. पण त्याच्या चेहऱ्यावरील आनंद पाहून मीं म्हटलें, “छान आहेत.” चामड्याची वहाण वापरतां वापरतां सैलावते, हा लहानपणचा अनुभव, तेव्हां हे बूटहि आठवड्यांत सैल होतील, अशी मीं मनाची समजूत घातली. परंतु धांवण्याचे आजचे बूट विणलेल्या कृत्रिम धाग्यांचे व स्पंजासारख्या तळाचे असतात. आंखूड बूट वापरून लांब होत नाहीं.

आठ दिवस मी कांहीं बोललों नाहीं. नवव्या दिवशीं सूनबाईंना धुण्यांतल्या मोज्यावर रक्ताचा डाग दिसला. पाहतों तों करंगळीवरचा फोड फुटलेला आणि आंगठ्याचें नख काळें पडलेलें. वेदना म्हणाल तर जवळजवळ नव्हती; आणि खरें भय होतें तें ह्यांतच. मधुमेहानें पायाची संवेदना मंदावूं शकते. दुखत नाहीं म्हणून माणूस चालत राहतो, क्षुल्लक फोड चिघळतो, आणि कधीं बोट, तर कधीं पाऊलहि गमावण्याची पाळी येते. मुलगा इतकेंच म्हणाला, “बाबा, बूट दुसरे आणतां आले असते. पाऊल कोठून आणणार होतों आपण?” ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

जखम भरून येण्यास तीन आठवडे लागले. मग एका शनिवारीं संध्याकाळीं तो मला कान्दा नांवाच्या भागांत घेऊन गेला. आपल्या कांद्याशीं ह्या नांवाचा संबंध नाहीं; जिंबोचो ही जुन्या पुस्तकांची प्रसिद्ध पेठ येथेंच आहे, आणि तिला लागूनच खेळांच्या सामानाचीं दुकानें आहेत. विक्रेत्यानें मला नंबर विचारलाच नाहीं. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभें केलें, टांचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी मोजली, आणि नंतर चवड्याभोंवतीं फीत गुंडाळून घेर मोजला. उजवें पाऊल २५.२ सेंटिमीटर भरलें, डावें २५.५. एकाच माणसाचीं दोन पावलें बहुधा तंतोतंत सारखीं नसतात; माप मोठ्या पावलाचें धरावयाचें.

तेथें मला माझ्या ‘सात’ची चूक उमगली. इंग्रजी पद्धतींत एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंतचें अंतर इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे जुन्या हिशेबानें जवाच्या एका दाण्याची लांबी. आपल्याकडे बहुधा हेच नंबर चालत आले. अमेरिकेनें तीच पायरी ठेविली, परंतु मोजणीचा आरंभ बदलला. त्यामुळें पुरुषांच्या बुटांत तिकडचा आठ तो सामान्यतः आपला सात. युरोपांत एक पायरी सेंटिमीटरचे दोन-तृतीयांश, म्हणून तेथें त्याच बुटावर ४१ किंवा ४२ हा आंकडा येतो. जपानांत सरळ सेंटिमीटर लिहितात. माझा अमेरिकन सात हा वास्तविक आपला सहा होता; सुमारें साडेआठ मिलिमीटरांनीं आंखूड! आंकड्याबरोबर परिमाण न लिहिणाऱ्या मुलाचे गुण मीं आयुष्यभर कापले, आणि स्वतः तीच चूक केली.

परंतु लांबी हा अर्धाच हिशेब. जपानी बुटांवर रुंदीचीहि खूण असते: एक ‘ई’, दोन ‘ई’, तीन ‘ई’, चार ‘ई’. माझें पाऊल ‘चार ई’ निघालें. त्याचें मला नवल वाटलें नाहीं. माझें बालपण अनवाणी गेलें, पुढील आयुष्य चपलेंत. बोटांना पसरावयास मोकळीक मिळाली. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें अलीकडे देशभरांतील सुमारें एक लाख लोकांचीं पावलें मोजलीं, तेव्हां भारतीय पावलें युरोपीय व अमेरिकन पावलांहून सामान्यतः रुंद असल्याचें आढळलें. मग परकीय सांच्यावर बेतलेला बूट आपणांस चावला, तर दोष पायाचा नव्हे.

जपानी लोकांनींहि आपल्या पायाचा विचार आपणच केला. १९५१ सालीं बोस्टनची मॅरेथॉन शर्यत शिगेकी तानाका ह्या जपानी तरुणानें जिंकली, ती आंगठ्यासाठीं वेगळी जागा असलेले, ‘ताबी’ ह्या जपानी पायमोज्यांच्या धर्तीचे बूट घालून. कोबे शहरांत १९४९ सालीं बुटांचा धंदा सुरू करणारे किहाचिरो ओनित्सुका ह्यांनीं पुढें मॅरेथॉनच्या धांवपटूंना फोड कां येतात ह्याचा शोध घेतला, आणि आंत वारा खेळेल असा बूट १९६० च्या सुमारास तयार केला. इतरांना फोड हा धांवपटूचा भोग वाटे; ओनित्सुकांनीं तो बुटाचा दोष मानला.

आतां कामाच्या चार गोष्टी. बूट संध्याकाळीं घ्यावे, कारण दिवसभरांत पाय थोडे सुजतात. जे मोजे घालून धांवणार, तेच घालून बूट पाहावे. उभें राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढें सुमारें आंगठ्याच्या रुंदीची जागा राहावी, आणि टांच मात्र उचलूं नये. दुकानांत दहा-वीस पावलें धांवून पाहण्यास लाजूं नये. आज चावणारा बूट उद्यां चावणार नाहीं, ह्या आशेवर पैसे देऊं नयेत. परदेशीं असलेल्या आप्तांकडून बूट मागवितांना नंबर सांगूं नये. कागदावर पाऊल ठेवून लांबी व रुंदी सेंटिमीटरांत कळवावी. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं रोज रात्रीं तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्या, व बूट घालण्यापूर्वीं आंत हात फिरवावा.

मीं २६ सेंटिमीटरचे, ‘चार ई’ रुंदीचे बूट घेतले. ते पहिल्या जोडीच्या निम्म्या किंमतीचे होते. पहिली जोडी मुलाच्या एका तरुण सोबत्यास बरोबर बसली. पुढें महिनाभर बांधावर पहांटे मुलगा माझ्याबरोबर येत असे आणि परतल्यावर आधीं माझे पाय पाहत असे. तो लहान असतांना शाळेंतून आल्यावर मी त्याचे गुडघे पाहत असें, त्याची मला आठवण होई.

श्रोतेहो, मुलांचें मन दुखवूं नये म्हणून आपण वडील माणसें पुष्कळ गोष्टी मुकाट्यानें सोसतों आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतों. माझ्या मुलाला मीं पहिल्याच दिवशीं “हे बूट लागतात” असें सांगितलें असतें, तर त्याला घटकाभर वाईट वाटलें असतें. न सांगितल्यानें तीन आठवडे त्याच्या डोळ्यांस धड झोंप नव्हती. आपणांपैकीं कोणाच्या पायांत आज असा प्रेमानें दिलेला आंखूड जोडा असेल, तर त्यांनीं तो आजच काढावा आणि घरांत तसें मोकळेपणानें सांगावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.