उंबरठा किती उंच ठेवायचा?

श्रोतेहो, सोलापूरच्या चादरीवरची नक्षी जेकार्डावर उतरते हे आपल्याला ठाऊक आहे. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरत असते, आणि कोणता धागा उचलायचा ते ती छिद्रे सांगतात. आता मोठ्या जेकार्डासाठी पाडलेली माळ कोणी लहान जेकार्डावर चढवली तर? विणकर हुशार, सूत उत्तम, पण नक्षी काही उतरायची नाही.

संगणकाचंही असंच आहे. त्यातल्या प्रोसेसरला ठराविकच आज्ञा कळतात. दर काही वर्षांनी नवे प्रोसेसर येतात, त्यांना चार आज्ञा जास्त कळतात. जुन्याला त्या कळत नाहीत, आणि शिकवताही येत नाहीत.

लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली. तिचं वितरण, म्हणजे ‘डिस्ट्रो’, तयार करणारी मंडळी हजारो प्रोग्रॅम गोळा करतात आणि प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवून आपल्या हाती देतात. ते उतरवतानाच ठरवावं लागतं, की कमीत कमी कोणता प्रोसेसर धरायचा? याला आपण उंबरठा म्हणू. तो उंच ठेवला, की नव्या यंत्रावर काही कामं भराभर होतात. जुनं यंत्र मात्र बाहेर राहतं. ‘ही आज्ञा अवैध आहे’ एवढं सांगून प्रोग्रॅम बंद पडतो, नाहीतर मुळात सुरूच होत नाही.

गुरुजी, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. शाळेतले संगणक पुष्कळदा कुणा कचेरीने काढून टाकलेले, नाहीतर माजी विद्यार्थ्यांनी दिलेले असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ जुन्या यंत्रांना घेत नाही. मग जो तो सल्ला देतो, ‘लिनक्स घाला.’ कोणतं लिनक्स, हे मात्र कोणी सांगत नाही.

आजच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांचा पहिला नमुना एएमडी कंपनीने २००३ साली बाजारात आणला. पुढे भर पडत गेली, आणि २०२० साली एएमडी, इंटेल, रेड हॅट व सुसे यांनी मिळून त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी २००३ ची. दुसरी, ढोबळ मानाने, २००८-०९ च्या सुमाराची. जुना कोअर टू ड्युओ हिच्या खालीच राहतो. तिसरी इंटेलच्या २०१३ च्या प्रोसेसरांपासूनची. चौथीचं आपल्याला काम नाही. इथे एक मेख आहे. २०१३ नंतरही बरीच वर्षं इंटेलने स्वस्तातल्या पेंटियम आणि सेलेरॉन प्रोसेसरांत तिसऱ्या पायरीच्या आज्ञा दिल्या नव्हत्या. म्हणजे यंत्राचं वय विचारून भागत नाही. आणि फसतो तो स्वस्त यंत्र घेणारा.

रेड हॅटने २०२२ साली आपल्या नवव्या आवृत्तीचा उंबरठा दुसऱ्या पायरीवर नेला, २०२५ च्या दहाव्या आवृत्तीत तिसऱ्यावर. त्यांची गिऱ्हाइकं मोठ्या कंपन्या, यंत्रं नवी. त्यांच्या जागी ते ठीकच आहे. त्याच घरातलं अल्मालिनक्स मात्र दहाव्या आवृत्तीची दुसऱ्या पायरीची वेगळी प्रतही देतं. डेबियनने ६४ बिटांसाठी पहिलीच पायरी कायम ठेवली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं ‘बॉस’ हे लिनक्स डेबियनवरच उभं आहे, तेव्हा डेबियनवाल्यांचा निर्णय आपल्या गावच्या शाळेपर्यंत पोचतो तो असा. ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांना मात्र डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत दार बंद केलं; त्यांच्यासाठी बसवण्याची चकतीच निघत नाही.

‘पण उंबरठा खाली ठेवला तर नव्या यंत्राचं बळ वाया नाही का जात?’ प्रश्न रास्त आहे. मोठी गणितं, चित्रफिती अशा कामांत फरक पडतो. निकालपत्रक, पत्र, मराठी टंकलेखन यांत तो जाणवणारही नाही. शिवाय तोड निघालेली आहे. चित्रफितींचे कित्येक प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसर तपासतात आणि झेपेल तीच वाट धरतात. २०२१ पासून लिनक्सच्या मूळ ग्रंथालयातही तशी सोय आहे. एकाच भागाच्या दोन-तीन प्रती ठेवायच्या, यंत्र आपल्या ताकदीची प्रत उचलतं. जागा थोडी जास्त लागते, करणाऱ्याला काम वाढतं, पण दाराबाहेर कोणी राहत नाही. शाळांसाठी वितरण करणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा असं मला वाटतं.

तुम्ही काय करायचं? लिनक्स पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहता येतं. आधी तसं करा. चालू झालं, की ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्या. प्रोसेसरचं नाव आणि गुणांची लांबलचक यादी येईल. तीत ‘एसएसई ४-२’ दिसलं तर दुसरी पायरी बहुधा आहे. ‘एव्हीएक्स २’ दिसलं तर तिसरी. दोन्ही नसतील तरी यंत्र भंगारात देऊ नका; ६४ बिटांचं असेल तर डेबियन त्यावर चालतं. आणि प्रोसेसरचं नाव व पायरी जडसंग्रह नोंदवहीत त्या यंत्रापुढेच लिहून ठेवा. तुमची बदली झाली, तरी मागून येणाऱ्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून शोधायला नको.