स्कॅनच्या दिवशी लेकराला ऊब द्या



हप्त्यांचा विषय झाला. आता पाच मिनिटं लेकरांच्या पेट स्कॅनबद्दल बोलते. कॅन्सरचं लेकरू घेऊन गावोगावच्या आया मुंबईला टाटा हॉस्पिटलला जातात. तिथे ‘मानेत काहीतरी चमकतंय’ असं कानावर पडलं की त्यांचे हातपायच गळतात. पण ताईंनो, चमकणारी प्रत्येक जागा कॅन्सरची नसते.

कसं ते बघा. या तपासणीत शिरेतून थोडी किरणोत्सारी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून फोटोत चमकतात. पण आपल्या अंगात तपकिरी चरबीही असते. पोटावर साठते ती पांढरी चरबी. ही तपकिरी चरबी म्हणजे अंगातली शेगडीच. तान्ह्या बाळाला कुडकुडून अंग गरम करता येत नाही, त्याला हीच ऊब देते. मोठ्या मुलांतही ती मानेत, खांद्याजवळ, पाठीच्या कण्यालगत असते. थंडी वाजली की शेगडी पेटते, साखर ओढते आणि फोटोत चमकते.

लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या गाठीही बऱ्याचदा मानेत आणि छातीतच असतात. मग चरबी गाठीसारखी दिसू शकते, नाहीतर खरी गाठ त्या उजेडात झाकली जाऊ शकते. सोबतच्या सीटी स्कॅनमुळे डॉक्टरांना फरक ओळखायला मदत होते. तरी शेगडी पेटूच नये, हे उत्तम.

त्यात आपला हातभार लागतो. पहाटेच्या गाडीत लेकराला स्वेटर, टोपी, मोजे घाला. दवाखान्यात एसी असतो. इंजेक्शननंतर साधारण तासभर निजवून ठेवतात, तेव्हाही पांघरूण हवंच. गार वाटलं तर सिस्टरना सांगा, लाजू नका. उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर लेकरू रडलं म्हणून बिस्कीट, गोळी, सरबत देऊ नका; त्या साखरेनंही फोटो बिघडतो. सोबत गरोदर बाई असेल तर आधीच सांगा, तिला किरणांपासून लांब ठेवावं लागतं.

आणि रिपोर्ट आला की डॉक्टरांना सरळ विचारा, “ही गाठ आहे की चरबी?” ते ठरवणं त्यांचंच काम. “चरबीच असेल” असं घरच्या घरी ठरवून पुढची तारीख मात्र कुणी चुकवू नका.