कित्ता आणि मालकी : भावी शिक्षकांशी संवाद



तमिळनाडूत कुंभकोणमजवळ इन्नंबूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शिवमंदिर प्राचीन असून संबंदर आणि अप्पर या संतकवींनी त्याची स्तुती गायिली आहे. देवाचे तमिळ नाव एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा स्वामी. संस्कृत नाव अक्षरपुरीश्वर. मुलाला शाळेत घालण्यापूर्वी आईबाप त्याला या देवाच्या पायांवर घालतात. आपल्याकडे धूळपाटीवर श्रीगणेशा काढून घेत, त्याच्याच जातीची ही प्रथा होय. कोणीतरी काढून दिलेले अक्षर गिरवावयाचे, येथूनच शिक्षणाला आरंभ होतो. म्हणजे विद्येची पहिली पायरी नकलेची आहे. आणि आज मला आपणांपुढे जो विषय मांडावयाचा आहे, तो नकलेवरील बंधनांचा, म्हणजे कॉपीराइटचा आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न वर्गात पाऊल टाकताच आपणांपुढे उभा राहणार आहे.

या देवळाची एक कथा सांगतात. येथील हिशेब ठेवणाऱ्या सेवकाविषयी चोळ राजाच्या मनात शंका आली, तेव्हा शिवाने त्या सेवकाचे रूप घेऊन राजाला सर्व हिशेब समजावून दिला. काम देवाने केले, नाव सेवकाचे झाले. देवाला हे परवडते. लेखणीवर पोट असलेल्या माणसाला ते परवडत नाही. मी भाषांतरकार असल्यामुळे हे जरा आग्रहाने सांगतो.

इन्नंबूर ज्या तंजावर जिल्ह्यात आहे, त्याच्या इतिहासात नकलेचे मोठे उपकार आहेत. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात १८८० ते १९०३ या काळात तमिळ शिकविणारे उ. वे. स्वामीनाथ अय्यर यांनी गावोगाव हिंडून ताडपत्रांवरील जुने ग्रंथ मिळविले, पाठ ताडून पाहिले आणि ते छापून काढले. त्यांचा ‘जीवक चिंतामणी’ १८८७ साली प्रसिद्ध झाला. ताडपत्र किडते, तुटते. पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी त्याची प्रत केली नसती, तर अय्यरांच्या हाती काहीच आले नसते. याच जिल्ह्यात, तंजावरला, १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेल्या सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापविले. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील हे पुस्तक, आणि ते भाषांतर! त्या काळी परवानगी कोणाकडे मागावयाची, हा प्रश्नच नव्हता. हिंदुस्थानात लेखनाच्या मालकीचा पहिला कायदा १८४७ साली आला, दुसरा १९१४ साली, आणि आज चालू असलेला १९५७ सालचा.

हा कायदा शिक्षकाचा शत्रू आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत, तसेच प्रश्नपत्रिकेत वा उत्तरात घेतलेला मजकूर, हा हक्कभंग होत नाही. या सवलतीचा कस २०१२ साली लागला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे झेरॉक्सचे दुकान व दिल्ली विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. नेमलेल्या वाचनातील उताऱ्यांच्या प्रती एकत्र बांधून त्या दुकानात विद्यार्थ्यांना मिळत. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने दावा फेटाळला. ९ डिसेंबरला खंडपीठाने सांगितले, की अध्यापन म्हणजे केवळ तासाभराचे व्याख्यान नव्हे; आणि किती पाने उतरविली यापेक्षा ती शिकविण्यासाठी आवश्यक होती काय, हे पाहावयाचे. त्या प्रतींपुरती ही आवश्यकता तपासण्यासाठी मात्र त्यांनी दावा पुन्हा खालच्या पायरीवर पाठविला. २०१७ साली प्रकाशकांनी तो मागे घेतला.

यातून शिक्षकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, भिऊ नये. ज्या मुलाच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, त्याच्या हाती कवितेची एक प्रत देणे हा गुन्हा नाही. कायद्याने ही वाट मुद्दाम मोकळी ठेवली आहे. दुसरी, ही सवलत शिक्षकाच्या मालकीची नाही. ती शिकविण्यासाठी दिलेली आहे, आणि शिकविण्याचा हेतू संपतो तेथे तीही संपते.

नव्या यंत्रांमुळे ही दुसरी गोष्ट विसरावयास फार सोपी झाली आहे. फळ्यावर उतरविलेली कविता संध्याकाळी पुसली जात असे. चक्रमुद्रणाच्या प्रती चाळीस निघत आणि वर्गातच राहत. आज मोबाइलने काढलेले पानाचे छायाचित्र एका कळीसरशी हजारांकडे जाते आणि परत येत नाही. एक उदाहरण घ्या. शाळेतील मुले व शिक्षक यांनी शाळेच्या कार्यक्रमात एखादे नाटक केले आणि समोर विद्यार्थी, पालक व शाळेशी संबंधित मंडळी असली, तर त्यास परवानगी लागत नाही. त्याच प्रयोगाचे चित्रीकरण यूट्यूबवर चढविले, की प्रेक्षक सारे जग होते. मुले तीच, नाटक तेच, परंतु ज्या चौकटीत सवलत होती ती चौकट गेली.

एकाच साहित्यकृतीवर हक्कांचे अनेक थर असतात, हेही ओळखावयास शिकले पाहिजे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले; म्हणून १९३५ सालची ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. मात्र त्या पुस्तकाचे कोणी नुकतेच केलेले ध्वनिमुद्रण वा काढलेली चित्रे आपोआप सर्वांची होत नाहीत. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती यांच्या बाबतीत तर मुदतीची वाटही पाहावी लागली नाही. ते १९२१ साली वारले. मद्रास सरकारने १९४९ साली त्यांच्या लेखनाचे हक्क आपल्याकडे घेतले आणि १९५५ साली ते जनतेला अर्पण केले. तमिळनाडूतील कोणीही शिक्षक त्यांचे गीत निःशंकपणे छापू शकतो. परंतु त्या गीताचे मराठी भाषांतर हे भाषांतरकाराचे लेखन आहे. कायदा त्यालाही लेखक मानतो आणि आपले नाव लावण्याचा त्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही शाबूत ठेवतो. वाटलेल्या कागदावर मूळ कवीचे नाव असते, भाषांतरकाराचे गळलेले असते, हे नेहमीचे चित्र आहे. मुलाला मग वाटते, की ती कविता मराठीत आपसूकच उगवली.

विनामूल्य आणि मुक्त यांतील भेदही असाच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात, त्यांतील क्यूआर कोडवरून दीक्षा या मंचावरील साहित्यही पाहता येते. परंतु विनामूल्य वाचावयास मिळाले म्हणून ते आपल्या नावाने छापण्याची वा विकण्याची मुभा मिळत नाही. काही शैक्षणिक साहित्यावर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना असतो; तेथे कर्ता स्वतःच, काही अटींवर, पुढील वापराला संमती देतो. अट बहुधा पहिली एकच असते : नाव सांगा.

म्हणून माझी विनंती साधी आहे. वर्गासाठी लागेल तेवढे निःसंकोच उतरवून घ्या. प्रत्येक प्रतीच्या तळाशी लेखक, भाषांतरकार, पुस्तक व प्रकाशक यांची नावे लिहा. तीस सेकंदांचे काम आहे. ती प्रत वर्गाबाहेर पाठविण्यापूर्वी मात्र थांबा आणि परवानगी विचारा. मुलांनी निबंधात कोणाचे वाक्य घेतले, तर त्यांना रागे भरण्याआधी ते कोणाचे, हे लिहावयास शिकवा. मुले आपला कित्ता गिरवितात. आपण नाव गाळले, तर तीही गाळतील. आणि उद्या त्यांतीलच कोणी लिहू लागेल, तेव्हा त्याचे नाव गाळणारेही आपल्याच वर्गातून बाहेर पडलेले असतील.