कागद कोणाच्या हातचा?



१८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तेव्हापासून समकालीन अस्सल पत्र वरच्या पाटावर आणि मागाहून रचलेली बखर खालच्या, ही पंगत आपल्या अभ्यासात कायमची बसली. तिचे उपकार मोठे आहेत. पण यादवी युद्धात माणसे कोणी मारली हे ठरवायला बसलो की हा क्रम डोळे मिटून लावता येत नाही, असे माझे मत आहे. तिथे दप्तर लढणाऱ्या एका पक्षाच्याच हाती असते. त्यामुळे कागद समकालीन असला तरी तटस्थ असेलच असे नाही. हे मी मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरच्या उदाहरणाने मांडणार आहे, कारण तिथे दोन्ही तऱ्हेची साधने पुढे जमिनीतल्या पुराव्याशी ताडून पाहता आली.

डिसेंबर १९८१ मध्ये तिथल्या सरकारी लष्कराच्या, अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या आत्लाकात्ल बटालियनने मोरासान प्रांतातील एल मोसोते आणि आसपासच्या वस्त्यांत शेकडो गावकऱ्यांना ठार केले. ही बातमी पहिल्यांदा दिली ती बंडखोरांच्या रेडिओने. पुढच्या महिन्यात रेमंड बॉनर आणि आल्मा गिलेर्मोप्रिएतो हे दोन पत्रकार तिथे पोहोचले, तेही बंडखोरांच्या सोबतीने. कत्तलीतून वाचलेल्या रुफिना आमाया यांची साक्ष त्यांनी घेतली, प्रेते पाहिली आणि २७ जानेवारी १९८२ रोजी दोघांची वृत्ते छापून आली. लगेच अमेरिकी दूतावासाचे दोन अधिकारी चौकशीला निघाले. त्यांच्या भेटीवरून तयार झालेल्या अहवालाचा आशय असा होता की सरकारी फौजांनी पद्धतशीर कत्तल केल्याचा पुरावा मिळाला नाही. फेब्रुवारीत अमेरिकी परराष्ट्र खात्याचे अधिकारी थॉमस एंडर्स यांनी अमेरिकी काँग्रेससमोर तेच सांगितले आणि वर हिशेबही मांडला: गावात माणसेच तीनशे, मग सातशेहून अधिक मेली कशी?

आता आपल्या रूढ कसोटीने पाहा. एका बाजूला सहीशिक्क्याचा समकालीन सरकारी अहवाल. दुसऱ्या बाजूला सर्वस्व गमावलेल्या एका बाईची तोंडी साक्ष, आणि ती बाहेर आली ती शत्रुपक्षाच्या मदतीने. अहवालच वरचढ ठरायचा. पण साधन कोणाचे, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून सांगणारा कुठे उभा होता, हे विचारले की चित्र पालटते. पत्रकारांना बंडखोरांनी नेले हे खरे. अधिकारीही लष्कराच्याच सोबतीने गेले होते. म्हणजे संशयाचे माप दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की पत्रकार त्या गावात गेले आणि अधिकारी गावापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांनी वरून हेलिकॉप्टरने पाहिले आणि सैनिक जवळ असताना विस्थापितांना प्रश्न विचारले. बंदूकवाला शेजारी उभा असताना मिळालेले उत्तर कागदावर उतरले म्हणून अस्सल होत नाही. एंडर्स यांच्या हिशेबातही खोट होती. आसपासच्या वस्त्यांतली माणसे आसऱ्याला एल मोसोतेत येऊन राहिली होती, आणि मृतांचा आकडा त्या एका गावापुरता नव्हताच.

‘शोकाकुल माणसाची साक्ष भावनेने वाहावते, तिच्यावर दोष कसा ठरवायचा?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तिचे प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासायला हवे, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये ते झाले. अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांच्या पथकाने चर्चलगतच्या इमारतीत उत्खनन केले. १४३ जणांचे अवशेष ओळखता आले. त्यांतली १३१ मुले बारा वर्षांखालची होती. एकट्या त्या आकड्याने दोन सैन्यांच्या चकमकीची कथा निकालात निघते. सापडलेल्या काडतुसांपैकी ज्या १८४ वरचे शिक्के वाचता आले, ती सगळी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या लेक सिटी इथली, अमेरिकी सरकारसाठी बनवलेली होती. बंडखोरांकडेही हिसकावलेल्या अमेरिकी रायफली असत, तेव्हा निव्वळ शिक्क्यांवरून मी दोष ठरवणार नाही. पण साक्ष, तेव्हा घेतलेली छायाचित्रे, हाडे आणि काडतुसे एकमेकांवर विसंबून नसतानाही एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा विरुद्ध बाजूला नुसता ‘पुरावा मिळाला नाही’ असा अहवाल ठेवून पारडे समतोल होत नाही.

याहून अवघड आक्षेप आकड्यांचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने मार्च १९९३ मध्ये अहवाल दिला. आलेल्या बावीस हजारांहून अधिक तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणांत बोट राज्ययंत्रणा, तिच्याशी संलग्न निमलष्करी टोळ्या आणि मृत्युपथकांकडे होते, तर सुमारे ५ टक्क्यांत बंडखोरांच्या एफएमएलएन आघाडीकडे. ही तक्रारींची टक्केवारी आहे, खुनांची शिरगणती नव्हे. ज्यांनी तक्रार केलीच नाही ते हिशेबात नाहीत, आणि बंडखोरांच्या मुलखातले भयग्रस्त लोक कमी आले असतील, हेही मान्य. ८५ चा आकडा शिलालेखासारखा उद्धृत करणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण तक्रार न करण्याचे कारण भीती असेल, तर लष्कराला भिणारेही घरीच बसले असणार. आणि सतरापट तफावत मिटवायला ही शंका एकाच बाजूने फार मोठी लागेल. शिवाय याच आयोगाने गावोगावच्या महापौरांच्या हत्यांसाठी बंडखोर नेत्यांनाही नावानिशी जबाबदार धरले. हिंसा दोन्हीकडून झाली हे खरे. म्हणून दोष निम्मा-निम्मा वाटायचा, हा मात्र इतिहास नव्हे, तडजोड झाली.

जबाबदारीची वरची पायरी इथून सुरू होते. कोणत्या तुकडीने मारले हे कळले. हुकूम किती वरून आला, ते लष्करी दप्तरावाचून ठरत नाही. अहवालानंतर पाचच दिवसांत सर्वमाफीचा कायदा झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला आणि एल मोसोतेचा खटला पुन्हा उभा राहिला. २०२० मध्ये न्यायाधीश दप्तर तपासायला गेले, तर सैनिकांनी त्यांना दारातच अडवले. अशा वेळी ‘हुकुमाचा कागद नाही’ असे सांगणाऱ्याला आपण पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की दप्तराची किल्ली कोणाकडे आहे.