हळदीच्या मांडवातला खर्ज



लग्नसराईत संध्याकाळी रायगडच्या किनाऱ्यावर थळ, वरसोली किंवा उरणच्या करंजाकडे निघालात, तर कुठल्या ना कुठल्या मांडवात हळद असतेच. गाव अजून लांब असतं, गाणं कोणतं तेही कळत नाही. पण धूम धूम मात्र पोटात येऊन पोचलेली असते. बेंजोची तार नंतर ऐकू येते आणि गाणाऱ्याचे शब्द सगळ्यात शेवटी. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते आणि तिची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. एवढी लांब लाट घरांना, माडांना वळसा घालून पुढे जाते. बारीक स्वर वाटेतल्या भिंतींवरच अडतात.

आगरी-कोळी लग्नात खर्जाला हा मान पूर्वी नव्हता. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची ती गळ्याच्या जोरावर. ढोलकीची धूम होती, पण ती ठेक्यापुरती. खर्जाने स्वतःची चाल धरावी, लोकांनी ती गुणगुणावी, हे आलं ते ऐंशीच्या दशकातल्या पॉप संगीतातून.

तिकडे १९८० साली क्वीन या बँडचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ गाजलं. ते रचलं होतं बँडचा बेसवादक जॉन डीकनने, आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. मग मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ आलं. त्यात बेस वाजवला लुई जॉन्सनने. आजही ते गाणं आठवायला सांगा, माणूस शब्दांआधी बेसच तोंडाने वाजवून दाखवतो. आपल्याकडे ‘कुर्बानी’तलं नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’ १९८० चंच, संगीत बिद्दूचं. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. पडद्यावर नायक गिटार घेऊन नाचायचा आणि प्रेक्षकांचे पाय हलायचे ते वाझसाहेबांच्या बोटांवर. आपल्या लोकांना त्यांचं नाव ठाऊक नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

हा खर्ज किनाऱ्यावर पोचायला यंत्रं बदलावी लागली. हातात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर तळहाताएवढा. त्याला खालचे स्वर पेलतच नाहीत. तरी ते ऐकू आल्यासारखे वाटतात, कारण वरच्या स्वरांवरून आपला कान उरलेलं स्वतःच भरून काढतो. तुम्ही आत्ता छोट्या रेडिओवर ऐकत असाल, तर माझ्या आवाजाचाही थोडा भाग तुमचाच आहे! श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडची माणसं आखातात नोकरीला गेली आणि येताना टू-इन-वन घेऊन आली. मोठे स्पीकर, कॅसेटचं तोंड, आवाजाची भलीमोठी चकती. ओट्यावर ते यंत्र लागलं की शेजारच्या आळीलाही गाणं ऐकावंच लागे.

पाठोपाठ गणपतीत, जत्रेत ऑर्केस्ट्रा आले. त्यात बेस गिटारवाला असे मागे, ड्रमशेजारी, फोटोत अर्धाच सापडणारा. हळदीत मात्र बेंजो पार्टीच चालली. आपला हा बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून आलेला. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आवाज कसा, टोकदार आणि खणखणीत. पण त्याच्याकडे खर्ज नाही, म्हणून कुणीतरी तो पुरवायलाच हवा. हे काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेलं, आणि थोडं ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याकडे. ते रोलँड कंपनीने १९८५ साली आणलं. मांडवात करवल्या परातीत हळद कालवत असतात आणि त्या पिवळ्या पाण्यावर ठेक्यागणिक बारीक वर्तुळं उठत असतात. पण वाजवणाऱ्यांत बेस गिटार शोधाल, तर मिळणार नाही.

माणसाऐवजी यंत्र, ही कल्पना रोलँडने आधीच विकायला काढली होती. टीबी-३०३ नावाची छोटी पेटी, एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेली. बेससारखा आवाज तिला काही जमला नाही आणि १९८४ मध्ये ती बंद झाली. मुंबईच्या स्टुडिओंत बेस गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड हा इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी त्याआधीच, १९८२ मध्ये, ती घेतली आणि तिच्या साथीने चक्क राग वाजवले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा तो अल्बम. त्या वेळी कुणी फारसं विचारलं नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच पेटीतून ‘अॅसिड’ नावाचं नृत्यसंगीत काढलं, आणि २०१० मध्ये अल्बम पुन्हा निघाला तेव्हा जगाला कळलं की मुंबईचा एक बेसवाला पाच वर्षं आधीच तिथे जाऊन आला होता. विलक्षण गोष्ट!

आता हळदीची सुपारी देताना पहिला प्रश्न असतो: ‘बेस किती?’ उत्तर येतं, ‘चार बेस, चार टॉप.’ म्हणजे स्पीकरचे खोके, खर्जाचे आणि बारीक स्वरांचे. वाजवणारा कोण, हे नंतर. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे. म्हणून यजमान बजावतो, दहाच्या आत उरकायचं. त्यावर साउंडवाला सांगतो, दहाला टॉप बंद करू, बेस राहू द्या थोडा.

सुरुवातीच्या लाटेचा हिशेब आठवला, तर साउंडवाला नेमकी उलटी गोष्ट सांगतोय.